हरिदास थूल यांची पोचपावती

आर्वीच्या बसस्टँडमागं झेरॉक्सवाल्यांची जी रांग आहे, तिच्यातली शेवटून दुसरी खोली हरिदासभाऊ थूल यांची. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'ऑनलाइन सेवा केंद्र', त्याखाली ईमेल, त्याखाली मोबाइल नंबर आणि सगळ्यात खाली, कोणी विचारलेलं नसताना, 'निवृत्त पोस्टमन'. जागा पुरत नाही म्हणून पाटी रंगवणारा ही शेवटची ओळ गाळायला निघाला होता. भाऊंनी ईमेलची अक्षरं बारीक करायला लावली, पण पोस्टमन सोडला नाही.

छत्तीस वर्षं त्यांनी बोरखेडी, सावंगी, टेंभरी आणि पिपरी या चार गावांची डाक सायकलवर वाटली. माणूस नाकासमोर चालणारा, पण कामात असा हेकट की त्यांची बायको तानाबाई म्हणते, लग्नात यांनी माझीही कुठंतरी सही घेतली असेल, मलाच आठवत नाही. रजिस्टर पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात. सासऱ्याचं सुनेला नाही, नवऱ्याचं बायकोला नाही. माणूस शेतात असला तर शेतात जायचं, आणि पोचपावतीवर सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय सायकल वळवायची नाही. ज्याचं पत्र त्या दिवशी त्याला मिळालं पाहिजे. एकही पत्र मी रात्रभर माझ्या घरी ठेवलं नाही, हे ते आठवड्यातून एकदा कोणाला तरी ऐकवतातच. ऐकणारा बहुतेक वेळा फॉर्म भरायला आलेला असतो आणि त्याला घाई असते.

निवृत्तीनंतर त्यांनी हे केंद्र काढलं आणि चारही गावं त्यांच्या मागोमाग तिथं आली. फॉर्म भरताना पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं, तर लोक म्हणायचे, ठेवा भाऊ तुमच्या मनानं. मोबाइल नंबर कोणता टाकू, तर म्हणायचे, तुमचाच टाका, आमचा कधी चालू असते कधी बंद. अशा रीतीनं चार गावांचे पासवर्ड भाऊंच्या एका लांबोळक्या वहीत जमा झाले, आणि चार गावांचे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर यायला लागले. वही खिळ्याला सुतळीनं टांगलेली. पेनसुद्धा तिथंच टांगलेला.

त्यांची मुलगी जागृती पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात ती घरी आली, केंद्रात सहज डोकावली आणि ती वही पाहून मटकन खुर्चीतच बसली. तासाभरात तिनं कॉम्प्युटरवर पासवर्ड ठेवायची तिजोरी बसवली. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक छोटंसं कुलूप दिसायचं. ते उघडलं की आत सगळ्यांच्या किल्ल्या नावानिशी. बापानं फक्त एक मोठी किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, ध्यानात ठेवायचा आणि कोणालाही सांगायचा नाही. वही तिनं आपल्या हातानं चुलीत घातली.

मुख्य पासवर्ड लांब हवा, पण विसरता कामा नये, असं तिनं बजावलं होतं. भाऊंनी आपली चार गावं डाकेच्या क्रमानं घेतली आणि शेवटी निवृत्तीचं साल जोडलं. पासवर्ड उत्तम होता. अडचण एवढीच की छत्तीस वर्षं पत्रं लावताना गावांची नावं पुटपुटायची सवय ओठांना लागली होती. कुलूप उघडताना भाऊ एकेक अक्षर टाकायचे आणि तोंडानं म्हणायचे, बोरखेडी, सावंगी, टेंभरी, पिपरी. समोर बसलेल्याला वाटायचं, म्हातारा जुने दिवस आठवतोय. त्यांनी कोणाला पासवर्ड सांगितला नव्हता हे खरंच आहे.

तिजोरी बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिली मेल आली. आपल्या खात्यात नव्या ब्राउझरवरून प्रवेश झाला आहे. वेळ सकाळी दहा वाजून चार मिनिटं, ठिकाण नागपूर. हे तुम्ही नसाल तर ताबडतोब पासवर्ड बदला. भाऊंची पाचावर धारण बसली. त्यांनी कॉम्प्युटरची वायरच ओढली आणि जागृतीला फोन लावला. तिनं वेळ विचारली आणि म्हणाली, बाबा, ते तुम्हीच आहात. भाऊ म्हणाले, मी आर्वीत आहे, ते नागपूर म्हणून राह्यले. मेलमधलं ठिकाण अंदाजानं लिहिलेलं असतं, हे त्यांना पटायला आठवडा लागला. पत्ता अंदाजानं लिहितात ही गोष्ट पोस्टमनला पटणं सोपं नाही.

तिसऱ्या दिवशी मेल, चौथ्या दिवशी मेल, रोज दहाच्या सुमाराला मेल. कारण अगदी साधं होतं, पण ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रजतनं एक सोय करून दिली होती: संध्याकाळी मशीन बंद केलं की ब्राउझरमधलं सगळं आपोआप पुसलं जायचं, म्हणजे एकाचं खातं दुसऱ्याला दिसू नये. त्या पुसण्यात तिजोरीची ओळखही पुसली जायची, आणि सकाळी ती भाऊंना नव्यानं विचारायची, तुम्ही कोण?

दुसरा कोणी वैतागला असता, आणि भाऊही वैतागले होतेच. दिवसाला एक म्हणजे महिन्याला तीस मेल, त्यात पेन्शनचं एक महत्त्वाचं पत्र आठ दिवस दबून राहिलं. पण कोणी विचारलं आणि आपण गप्प बसलो, हे त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. 'मा. महोदय, आपले आजचे पत्र मिळाले. सदर प्रवेश मीच केला आहे. कळावे. आपला विश्वासू, हरिदास सोमाजी थूल, निवृत्त पोस्टमन.' दोन मिनिटांत उत्तर परत यायचं: या पत्त्यावर पत्र स्वीकारलं जात नाही. भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या पत्त्यावरून पत्र येतं, त्या पत्त्यावर पत्र घेत नाहीत, म्हणजे हे कसलं पोस्ट?

शेवटी त्यांनी पोचपावतीचं रजिस्टरच सुरू केलं. तारीख, मेलची वेळ, आणि 'कोण' असा तिसरा रकाना. तिसऱ्या रकान्यात रोज एकच शब्द, 'मीच'. जागृती म्हणाली, बाबा, या मेल आल्याबरोबर आपोआप वेगळ्या कप्प्यात टाकून देते, तुम्हाला दिसणारच नाहीत. भाऊंनी साफ नकार दिला. रजिस्टरनं आलेली डाक न वाचता ढिगात टाकायची नसते. तानाबाई हसून म्हणाली, "रोज कोणीतरी इचारते तुमी कोण, याचीच मजा वाटते तुमाले. घरी तं कोणी इचारत नाई."

टेंभरीच्या आनंदाबाई ठाकरे यांची मुलगी छाया बारावी झाली, नर्सिंगच्या प्रवेशाच्या यादीत तिचं नाव आलं. आता कॉलेजांची पसंती भरायची होती, आणि मंगळवारी संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ. पसंती भरली नाही तर यादीत नाव असून उपयोग नाही, वर्ष गेलं. आणि आनंदाबाईंच्या घरात एक वर्ष गेलं म्हणजे मुलीचं लग्न ठरणार, हे सगळ्या टेंभरीला माहीत होतं. शनिवारी दोघी आल्या, पण कोणतं कॉलेज वर टाकायचं यावर मायलेकींचं एकमत होईना. भाऊ म्हणाले, घरी जाऊन ठरवा, "मंगळवारी अकराले येजो, आपण बसून भरू."

सोमवारी संध्याकाळी वडनेरहून बहिणीचा फोन आला. नातवाचं नामकरण येत्या रविवारी ठरलं होतं, ते अलीकडं, उद्याच्या मंगळवारवर आलं. बहिणीचा पहिला नातू. भाऊंना असा आनंद झाला की मंगळवारच्या पहिल्या बसनं तानाबाईला घेऊन ते निघाले, केंद्राला कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि छाया ठाकरे हे नाव त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं. ज्या माणसाला चार गावांतल्या मेलेल्या माणसांचे पत्तेही पाठ, तो असा विसरला. माणूस विसरतो, दुसरं काय.

वडनेरला बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, पंगती उठल्या. भाऊंचा मोबाइल पिशवीत आणि पिशवी खुंटीला. बुंदीची दुसरी वाटी रिकामी करून त्यांनी तीनच्या सुमाराला मोबाइल काढला. अनोळखी नंबरावरून तीन कॉल येऊन गेलेले, आणि त्याखाली ती मेल. नव्या ब्राउझरवरून प्रवेश. वेळ दुपारी दोन वाजून बावीस. ठिकाण नागपूर.

रोजच्या सवयीनं 'मीच' म्हणायला त्यांचे ओठ हलले असतील. पण दोन वाजून बावीस मिनिटांनी ते पंगतीत वाढत होते आणि केंद्राला कुलूप होतं. रोज ती मेल वाचून, वेळ पाहून, लिहून घेणारा माणूस म्हणून त्यांना ते तिथल्या तिथं कळलं. इतर कोणी असता तर आहेच रोजचं म्हणून मोबाइल परत पिशवीत टाकला असता. हा मी नव्हे. आत चार गावांच्या किल्ल्या आहेत.

त्यांनी बहिणीला हाक मारून मेल वाचून दाखवली. पाहुण्यांना कळलं, आणि मग प्रत्येकाला कोणाचं तरी खातं कसं लुटलं गेलं त्याची गोष्ट आठवली. भाऊंनी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन जागृतीला फोन केला. ती म्हणाली, घाबरू नका, मोबाइलवरूनच तिजोरी उघडा, 'सगळीकडून बाहेर काढा' असं बटण आहे ते दाबा, म्हणजे जो आत आहे तो बाहेर फेकला जाईल. मग पासवर्ड बदला. त्या अनोळखी नंबरला फोन करू नका. ओटीपी आला तर कोणालाही देऊ नका. ती जे सांगत होती ते शंभर टक्के बरोबर होतं.

भाऊंचं बोट बटणावर होतं तेव्हा ओटीपी आला. बँकेचा असेल म्हणून त्यांनी वाचला, तर नर्सिंग प्रवेशाचा होता. पसंती कायम करण्यासाठी हा क्रमांक टाका. त्यांच्या चार गावांत यंदा नर्सिंगला एकच मुलगी होती. मंगळवार. अकरा. येजो.

तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी बोट उचललं. जागृती फोनवर विचारत होती, दाबलं का बाबा? ते म्हणाले, हे टेंभरीच्या छायाचं आहे, मी तिला बोलावलं होतं आणि विसरून इथं आलो. ती म्हणाली, बाबा, हे लोक असंच करतात, त्यांना नाव-गाव सगळं माहीत असतं, खात्री काय? भाऊ म्हणाले, "खात्री करतो न. माणूस पाहूनच देईन." आणि त्यांनी पहिल्यांदाच मुलीचा फोन तिच्याआधी ठेवला.

आनंदाबाईंचा साधा मोबाइल. त्यात रिचार्ज संपलेला, तिथून फोन जात नव्हता, पण येत होता. दोन रिंगमध्ये उचलला.

"आनंदाबाई, मी पोस्टमन बोलून राह्यलो. कुठं हाय तुमी?"

मागं पंख्याचा आवाज येत होता. आनंदाबाई म्हणाल्या, "भाऊ, आमचं चुकलं."

त्यांनी छायाला फोन द्यायला सांगितलं. आवाज ओळखीचा होता, तरी जागृतीला शब्द दिला होता, म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्या घरासमोर कोणतं झाड आहे? छाया रडतच म्हणाली, "झाड तोडलं काका, आता तिथं बोअर हाय." भाऊंच्या जिवात जीव आला. बोअर त्यांनी मागच्याच महिन्यात पाहिली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. दोघी अकराला आल्या, कुलूप पाहून पायरीवर बसून राहिल्या. बारा वाजले, एक वाजला. रांगेच्या टोकाच्या दुसऱ्या केंद्रात जाऊन त्या मालकाच्या मोबाइलवरून तीनदा फोन केला. छायाचा पासवर्ड भाऊंच्या तिजोरीत, आणि तो विसरला म्हणून नवा मागवावा तर त्याचाही मेसेज भाऊंच्याच मोबाइलवर. शेवटी छायानं त्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर तिजोरी उघडायचं ठरवलं. ईमेल पाटीवर होता. गावं तिला पाठ होती. "तुमी म्हणत म्हणत लिवता ना काका." साल तेवढं माहीत नव्हतं, ते आनंदाबाईंनी सांगितलं, भाऊंना टेंभरीनं निरोप दिला त्याच वर्षी बाईंच्या घरी नवी गाय आली होती, म्हणून ते ध्यानात होतं.

"फक्त माहाच पासवर्ड पाह्यला काका. दुसऱ्या कोणाचा नाई पाह्यला. मायनं पदर धरला होता कॉम्प्युटरवर."

आनंदाबाईंनी खरोखरच पदर ताणून पडदा झाकला होता आणि छायाच्या नावाची एक ओळ तेवढी उघडी ठेवली होती. लोकांचं आपण काऊन पाहायचं, म्हणून. हे ऐकताना भाऊ बहिणीच्या अंगणातल्या खाटेच्या काठावर बसले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. इकडं पाहुणे लुटारूंच्या गोष्टी सांगत होते, आणि तिकडं ही बाई परक्याच्या केंद्रात बसून चार गावांवर पदर धरून होती.

पहिल्या ओटीपीची वेळ टळून गेली होती. नवा मागवला. भाऊंनी सहा आकडे रजिस्टर पत्राचा नंबर वाचतात तसे दोनदा वाचले आणि छायाकडून एकदा म्हणवून घेतले. पसंती कायम झाल्याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर आला तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी जागृतीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी तर तुम्हाला तिला बाहेर काढायला सांगत होते. भाऊ म्हणाले, तू बरोबरच सांगत होतीस. पण ती मेल आली नसती, तर मी अजून बुंदी खात बसलो असतो.

त्यांना त्या मेलचे उपकार कसे मानावेत तेच कळेना. उत्तर तर तिकडं घेत नाहीत. रात्री उशिरा नको म्हणून मुक्काम वडनेरलाच केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आर्वीला पोचल्यावर त्यांनी रजिस्टर उघडून कालच्या तारखेसमोर वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदाच दुसरा मजकूर पडला: 'छाया ठाकरे, टेंभरी. योग्य व्यक्ती.' जागृतीनं तेवढ्यात पुण्याहूनच रजतला फोन लावून ते रोजचं पुसणं तपासायला लावलं होतं. तिजोरीची ओळख तेवढी पुसली जाऊ नये अशी सोय त्यानं केली. भाऊंनी पासवर्ड बदलला, तोही ओठ घट्ट मिटून. तानाबाईला समोर बसवून खात्री केली. रोजची मेल यायची बंद झाली.

पण भाऊंचं काम उरलं होतं. त्याच संध्याकाळी सायकल काढून ते टेंभरीला गेले. सायकल पाहून आनंदाबाईंचा चेहरा उतरला. भाऊ तक्रार करायला आले, असंच त्यांना वाटलं. सकाळपासून दोघी स्वतः येऊन माफी मागायचं ठरवत होत्या आणि धीर होत नव्हता. त्या काही बोलायच्या आत भाऊंनी हात जोडले. साठी ओलांडलेला माणूस विशीही न गाठलेल्या पोरीसमोर हात जोडून उभा, म्हणून छाया कानकोंडी होऊन भिंतीला टेकली.

"छत्तीस वर्सं मी कोणाचं पत्र घरी नाई ठेवलं," भाऊ म्हणाले. "काल तुहं ठेवलंतं. तू येऊन माह्या झोळीतून काढून नेलं, म्हणून मी वाचलो. चोरी नाई केली बाई तू. माहं काम तू केलं."

आनंदाबाईंनी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, भाऊ, तुम्ही असते तर तुम्हीच फॉर्म भरून दिला असता, ही नुसती बाजूला बसली असती. नंतर छायानं अडखळत विचारलं की आता तिच्या खात्यावर तिचा स्वतःचा नंबर टाकला तर चालेल का. मामानं तिला कालच सिमकार्ड घेऊन दिलं होतं. भाऊंना क्षणभर कसंतरीच झालं. मग त्यांनी तिथंच बसून, त्यांच्या मोबाइलवर आलेला शेवटचा ओटीपी तिला वाचून दाखवला आणि नंबर बदलून दिला. त्या दिवसापासून केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिला प्रश्न विचारतात, नंबर तुमचा कोणता? नाही म्हणणाऱ्याला ते इतकी लांबण लावतात की माणूस कंटाळून स्वतःचा नंबर देतो.

तीन आठवड्यांनी कोणाला कोणतं कॉलेज त्याची यादी लागली. भाऊंच्या मोबाइलवर काहीच आलं नाही. दुपारी केंद्रात गर्दी होती, तेव्हा छाया आत शिरली, लोकांना ओलांडून टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काका, सरकारी कॉलेज भेटलं. मेसेज आला मले."

पोस्टमनला माणसांची बातमी माणसांच्या आधी कळते. नोकरी लागल्याचं, कोणी गेल्याचं, मुलगी पसंत पडल्याचं. पोस्टकार्ड वाचून दाखवायला तोंड उघडायच्या आत त्याला ठाऊक असतं आणि चेहरा सांभाळावा लागतो. भाऊंनी छत्तीस वर्षं तो सांभाळला होता. आज त्यांना आधी काही ठाऊक नव्हतं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि भरल्या केंद्रात छायाला म्हणाले, "पुन्हा सांग."